क्यू६६०० च्या काळातला डेस्कटॉप आणि कस्टम लिक्विड कूलिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरे इंटेलच्या एलजीए ७७५ सॉकेटच्या (सीपीयू बसतो ती जागा) डेस्कटॉपला स्वतः जोडलेले पाण्याचे कूलिंग बसवण्याबद्दल आहेत. सीपीयूवर बसणारा वॉटर ब्लॉक, उष्णता हवेत टाकणारा रेडिएटर, पंप आणि पाण्याची टाकी म्हणजे रिझर्व्हॉयर, हे सगळे ट्यूबने जोडले की त्याला लूप म्हणतात. उदाहरणासाठी जानेवारी २००७ मध्ये आलेला कोअर २ क्वाड क्यू६६०० आणि पी३५ किंवा पी४५ चिपसेटचा बोर्ड धरला आहे, कारण जुनी मशिने उघडणाऱ्यांच्या टेबलावर बहुतेक वेळा हाच जोड असतो. पेंटियम ४ साठीही बरेचसे लागू पडते, पण त्यात सॉकेट ४७८ असेल तर ब्लॉक बसवण्याची पद्धत वेगळी आहे.

पाणी घातल्याने मशीन वेगवान होते का?

आपोआप होत नाही. पाणी फक्त उष्णता वाहून नेते. क्यू६६०० चा मूळ वेग २.४ गिगाहर्ट्झ आहे. ओव्हरक्लॉक केले नाही, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवले नाही, तर पाण्याखालीही तो तेवढाच राहतो, फक्त आवाज कमी होतो.

वेगच हवा असेल तर आधी एसएसडी बसवा. या बोर्डांवरचे साटा (डिस्कची जोडणी) ३ गिगाबिटचे असते, म्हणजे प्रत्यक्षात सेकंदाला साधारण २५० ते २८० मेगाबाइट मिळतात. जुन्या हार्ड डिस्कच्या मानाने तेवढ्यानेही जमीन-अस्मानाचा फरक पडतो. दुसरा स्वस्त मार्ग म्हणजे सर्व्हरसाठीचा झिऑन ई५४५०: ३.० गिगाहर्ट्झ, १२ एमबी कॅशे आणि ८० वॅट, म्हणजे क्यू६६०० पेक्षा वेगवान आणि तरीही थंड. तो मूळचा एलजीए ७७१ चा. दोन पिनांची अदलाबदल करणारे स्टिकर आणि सॉकेटमधल्या खाचा कापणे एवढ्यावर तो ७७५ मध्ये बसतो, मात्र बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) त्या सीपीयूसाठीचा कोड, म्हणजे मायक्रोकोड, असावा लागतो.

हे दोन्ही झाल्यावर हौस उरली असेल तर पाण्याकडे वळा. हौसेला मोल नाही हे खरेच, पण क्रम चुकवू नये. आणि विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीची आशा धरू नका. तिला लागणारी पॉपकाउंट सूचना कोअर २ मालिकेत नाही, त्यामुळे ती सुरूच होत नाही.

सुरुवात कुठून करायची? ब्लॉक घेऊ की रेडिएटर?

आधी बोर्ड आणि पॉवर सप्लाय तपासा. या कामात पाणी सोपे आहे. अवघड आहे तो पंधरा-वीस वर्षांचा बोर्ड.

सीपीयूच्या आसपासचे इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर तिरप्या उजेडात बघा. डोके सपाट हवे. फुगलेले असेल किंवा बुडाशी तपकिरी चिकट डाग असेल तर तो कपॅसिटर बदलल्याशिवाय पुढे जाऊ नका. बदलताना व्होल्टेज तेवढेच किंवा जास्त, मायक्रोफॅरड तेवढेच, आणि प्रकार कमी ईएसआरचा (अंतर्गत रोध कमी असलेला) घ्या. रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातला साधा कपॅसिटर इथे फार दिवस टिकत नाही. काही बोर्डांवर सॉलिड कपॅसिटर असतात; ते सहसा फुगत नाहीत.

पॉवर सप्लायची १२ व्होल्टची लाइन मल्टिमीटरने मोजा, आणि मशीन लोडवर असताना मोजा. ११.४ ते १२.६ च्या आत हवी. ५ व्होल्टची ४.७५ ते ५.२५. लोड आल्यावर १२ ची लाइन ११.५ च्या खाली जाऊ लागली तर पंपाचा भार तिच्यावर टाकू नका, सप्लाय बदला. बोर्डावरचा सीआर२०३२ सेलही याच वेळी बदला, नाहीतर ओव्हरक्लॉकच्या सगळ्या सेटिंग एका सकाळी गायब होतील.

आजचे वॉटर ब्लॉक या सॉकेटवर बसतात का?

बरेचसे बसत नाहीत. एलजीए ७७५ च्या चार छिद्रांमधले अंतर ७२ मिमी आहे. ११५० पासून १२०० पर्यंतच्या सॉकेटांचे ७५, १३६६ चे ८० आणि १७०० चे ७८. लांबट खाचा असलेला ब्रॅकेट घ्या, ज्यावर ७२ पासूनचे अंतर चालते असे स्पष्ट लिहिलेले असेल. जुन्या कूलरचा किंवा ब्लॉकचा ब्रॅकेट सुटा मिळतो का, हे मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत विचारून बघावे.

हातात फक्त ७५ मिमीचा धातूचा ब्रॅकेट असेल तर त्याची छिद्रे केंद्राकडे, कर्णाच्या दिशेने, साधारण २ मिमी कानशीने वाढवता येतात. कानस ब्रॅकेटवरच चालवा. मदरबोर्डची छिद्रे कधीही वाढवू नका. त्यांच्या अगदी जवळून तांब्याच्या रेषा गेलेल्या असतात.

बॅकप्लेट (बोर्डामागची आधाराची पट्टी) लावताना काय बिघडते?

७७५ च्या सॉकेटला पाठीमागून कंपनीची धातूची पट्टी नसते. १३६६ पासून ती आली. त्यामुळे इथे बोर्डाच्या मागे सॉकेटच्या खाली उघडे सोल्डर आणि बारीक कपॅसिटर असतात. धातूची बॅकप्लेट थेट टेकली तर शॉर्ट होतो. मध्ये १ ते २ मिमीचा रबर किंवा फोम, आणि प्रत्येक स्क्रूखाली नायलॉनचा वॉशर घाला.

स्क्रू कर्णाकर्णाने, अर्धा-अर्धा फेरा असे आवळा. स्प्रिंग पूर्ण दबली की थांबा. जास्त आवळल्याने बोर्ड वाकतो, आणि त्याचे लक्षण फसवे असते: मशीन सुरू होते, पण रॅमचा एक चॅनेल दिसत नाही. असे झाले तर रॅम बदलत बसण्याआधी ब्लॉक थोडा ढिला करून बघा.

थर्मल पेस्ट लावण्यापूर्वी सीपीयूचे झाकण काढून घेऊ का?

नाही. क्यू६६०० चे झाकण सिलिकॉनला सोल्डरने जोडलेले आहे. उचकटले की चिप तुटून हातात येते. झाकणावरची जुनी वाळलेली पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि मध्यभागी मटारच्या दाण्याएवढी नवी लावा.

ब्लॉक बसवला, सीपीयू थंड आहे, तरी मशीन अडकते. का?

सर्वात जास्त येणारी तक्रार हीच, आणि कारण जवळजवळ नेहमी एकच असते. मूळचा गोल कूलर वरून खाली हवा मारत होता. ती हवा सीपीयूच्या कडेच्या व्हीआरएमवर (सीपीयूला व्होल्टेज पुरवणारा भाग) आणि नॉर्थब्रिजवर (चिपसेटची मुख्य चिप) पसरत होती. तुम्ही तो काढलात आणि जागी निमूट बसलेला ब्लॉक लावलात. सीपीयू ५० अंशांवर, पण शेजारचे मॉस्फेट (व्हीआरएममधले ट्रान्झिस्टर) ओव्हरक्लॉकमध्ये १०० च्या पुढे. एक्स३८, एक्स४८ किंवा एनफोर्स ६८०आय चा बोर्ड असेल तर नॉर्थब्रिजही बोट टेकवता येणार नाही इतका तापतो.

उपाय साधा आहे. ८० मिमीचा एक पंखा व्हीआरएम आणि नॉर्थब्रिज यांच्यावर रोखून लावा. ७ व्होल्टवर चालवला तरी पुरतो आणि ऐकू येत नाही. केबल-टायने जवळच्या ब्रॅकेटला बांधला तरी चालेल. शोभेचा प्रश्न नंतर.

नॉर्थब्रिजचा हीटसिंक एकदा काढून बघाच. खालचा पॅड इतक्या वर्षांत खडूसारखा कडक झालेला असतो. ओढू नका, हेअर ड्रायरने गरम करून हलके पिरगाळा. पी३५ आणि पी४५ च्या चिपला झाकण नसते, उघडे सिलिकॉन असते, त्याचा कोपरा टवकला की बोर्ड संपला. साफ करून नवी पेस्ट लावा. नॉर्थब्रिजलाही वॉटर ब्लॉक लावता येतो, पण जोड वाढतात आणि प्रत्येक जोड ही गळतीची एक शक्यता असते. पंखा बरा.

रेडिएटर केवढा लागेल?

ठोकताळा असा: दर १०० वॅटला एक १२० मिमीचा भाग, पंखे १००० ते १४०० आरपीएमवर. क्यू६६०० च्या जी० स्टेपिंगचा (चिपच्या नंतरच्या आवृत्तीचा) टीडीपी, म्हणजे कंपनीने सांगितलेला उष्णतेचा आकडा, ९५ वॅट, आधीच्या बी३ चा १०५. जी० वर एसएलएसीआर असे कोरलेले असते. ओव्हरक्लॉक केल्यावर वॅट किती होतात याचा अंदाज काढता येतो: वेगाच्या प्रमाणात, आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. २.४ वरून ३.६ गिगाहर्ट्झ म्हणजे दीडपट. १.२५ वरून १.४ व्होल्ट म्हणजे वर्ग केल्यावर सुमारे सव्वापट. ९५ × १.५ × १.२५ म्हणजे जवळपास १८० वॅट. याला २४० मिमीचा रेडिएटर हवा. सोबत ८८०० जीटी सारखे १०५ वॅटचे ग्राफिक्स कार्ड त्याच पाण्यावर घेतले तर २८५ वॅट होतात, म्हणजे ३६० मिमी, किंवा २४० आणि १२० असे दोन.

रेडिएटरच्या पात्या विरळ असलेला प्रकार घ्या. दाट पात्यांना जोरकस पंखे लागतात, आणि मग आवाज कमी करण्यासाठी केलेला सगळा खटाटोप पंख्यांच्या घोंघाटात वाहून जातो.

जुन्या कॅबिनेटमध्ये रेडिएटर बसवायचा कुठे?

त्या काळच्या बऱ्याच टॉवरमध्ये पॉवर सप्लाय वरती आणि मागे ८० किंवा ९२ मिमीच्या पंख्याची जागा. २४० मिमी आत बसण्याची शक्यता फार कमी. तीन पर्याय उरतात.

सगळ्यात भरवशाचा म्हणजे बाहेर. रेडिएटर कॅबिनेटच्या वर २० ते २५ मिमीच्या स्पेसरवर ठेवा आणि ट्यूब मागच्या पीसीआय स्लॉटच्या रिकाम्या पट्टीतून आत न्या. पट्टीला छिद्र पाडून रबरी ग्रोमेट घालायला विसरू नका; पत्र्याची धार ट्यूब हळूहळू कापते. जुन्या कॅबिनेटचे मूळ रूप न बिघडवता होणारा हा एकच मार्ग, म्हणून संग्राहकांनी हाच घ्यावा.

दुसरा, पुढचे ५.२५ इंची बे. एका बेची उंची ४१.३ मिमी, चार बे मिळून १६५. १२० मिमीचा रेडिएटर दोन्ही टोकांच्या टाक्यांसकट साधारण १५५ मिमी लांब असतो, म्हणजे चार बेमध्ये उभा मावतो. फिटिंगची तोंडे टोकाला असतील तर चार बेही अपुरे पडतात, म्हणून खरेदीपूर्वी पट्टी लावून मोजा. १२० मिमी एकट्या सीपीयूला, तोही ओव्हरक्लॉक न केलेल्या, पुरेल.

तिसरा, छताला भोक. १२० मिमीच्या पंख्याच्या स्क्रूंमधले अंतर १०५ मिमी, आणि २४० च्या बहुतेक रेडिएटरांत दोन पंख्यांच्या स्क्रूंमध्ये १५ मिमी. कागदावर आखून, चिकटवून, मगच ड्रिल. कापण्यापूर्वी आतले सगळे बाहेर काढा: लोखंडाचा एक कीस बोर्डावर राहिला तर तो बरोबर नको त्या जागी सापडतो.

पंप कोणता, आणि त्याला वीज कुठून द्यायची?

डी५ किंवा डीडीसी. डी५ शांत आणि दमदार. पूर्ण वेगात सुमारे २३ वॅट घेतो, म्हणजे १२ व्होल्टवर जवळपास २ अँपिअर. बोर्डावरचे पंख्याचे हेडर साधारण १ अँपिअरपर्यंतच असते. पंप त्याला जोडला तर हेडर जळतो, आणि जुन्या बोर्डाचे हेडर दुरुस्त करणे हा वेगळाच ताप. वीज मोलेक्स किंवा साटा कनेक्टरवरून थेट सप्लायमधून घ्या. पंपाची फक्त वेग सांगणारी वायर सीपीयू फॅनच्या हेडरला लावा. ती लावली नाही तर बहुतेक बोर्ड 'सीपीयू फॅन एरर' दाखवून तिथेच थांबतात.

पंप रिझर्व्हॉयरच्या खाली हवा, आणि कोरडा कधीही चालवायचा नाही. त्याच्या बेअरिंगला वंगण पाण्याचेच असते.

आधी सीपीयू की आधी ग्राफिक्स कार्ड? पाण्याचा क्रम कसा?

फरक पडत नाही. मिनिटाला ४ लिटर पाणी फिरत असेल तर २०० वॅटचा ब्लॉक ओलांडताना ते जेमतेम ०.७ अंशाने तापते. ट्यूब सर्वात आखूड होईल तो क्रम धरा. फक्त रिझर्व्हॉयरनंतर लगेच पंप हवा.

ट्यूब आणि फिटिंग घेताना काय बघायचे?

पहिल्यांदा करणाऱ्याने काळी ईपीडीएम रबरी ट्यूब घ्यावी. पारदर्शक पीव्हीसी दिसते छान, पण त्यातला मऊपणा आणणारा पदार्थ पाण्यात उतरतो आणि ब्लॉकच्या बारीक खाचांत पांढरट चिकटा साचतो. कडक पीईटीजी नळ्या ६० अंशांच्या आसपास मऊ पडतात. विदर्भातल्या मे महिन्यात पंप बंद पडला तर तो आकडा फार लांब नाही.

ट्यूबचा आतला आणि बाहेरचा व्यास दोन्ही फिटिंगशी जुळायला हवेत. १०/१६ ची ट्यूब १०/१३ च्या कॉम्प्रेशन फिटिंगमध्ये जात नाही, आणि उलट केले तर बसल्यासारखी वाटून गरम झाल्यावर निसटते.

ब्लॉक आणि रेडिएटरचे आटे जी १/४ म्हणजे पाव इंची बीएसपी, सरळ आट्यांचे. हार्डवेअरच्या किंवा न्यूमॅटिकच्या दुकानात पाव इंची फिटिंग स्वस्तात मिळते, पण ते बहुधा निमुळत्या आट्यांचे असते. ते घट्ट करत गेलात की अॅक्रिलिकच्या ब्लॉकला तडा जातो. आणि टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. इथे पाणी अडवते ती ओ-रिंग; ती दिसेनाशी होईपर्यंत हाताने, मग पाव फेरा, बस.

स्वस्तातला अॅल्युमिनियमचा रेडिएटर चालेल का?

तांब्याचा ब्लॉक असेल तर नाही. तांबे आणि अॅल्युमिनियम एकाच पाण्यात आले की अॅल्युमिनियम झिजू लागते. काही महिन्यांत रेडिएटरला सुईएवढी भोके पडतात किंवा राखाडी गाळ ब्लॉकमध्ये अडकतो. गंजरोधक घातल्याने हे लांबते, थांबत नाही. पितळ, तांबे आणि निकेल एकत्र चालतात. ऑनलाइन वर्णनात धातू लिहिलेलाच नसेल तर अॅल्युमिनियम समजा. घरात आल्यावर उचलून बघा: अॅल्युमिनियमचा रेडिएटर हातात पिसासारखा हलका लागतो.

आरओचे पाणी घालू का? किती लागते?

आरओ नाही, बिसलेरी नाही, बोअरचे तर नाहीच. घरच्या आरओच्या पाण्यातही क्षार शिल्लक असतात. डिस्टिल्ड किंवा डीमिनरलाइज्ड घ्या. गाडीच्या बॅटरीत भरायचे म्हणून विकतात त्या बाटलीवर यातला एक शब्द स्पष्ट लिहिलेला हवा. घरचा टीडीएस मीटर बुडवून ० ते ५ दिसले की ठीक. नुसते पाणी मात्र ठेवू नका, दोन-तीन महिन्यांत शेवाळ धरते. त्यात गंजरोधक आणि जंतुनाशक दोन्ही असलेले कूलंटचे कॉन्सन्ट्रेट बाटलीवरच्या प्रमाणात मिसळा. दुधाळ रंगांचे कूलंट फोटोसाठी असतात. त्यातले कण ब्लॉकमध्ये बसतात.

मोजमाप: १० मिमी आतील व्यासाच्या एका मीटर ट्यूबमध्ये ७८ मिलिलिटर, १३ मिमीच्या ट्यूबमध्ये १३३. रिझर्व्हॉयर आणि रेडिएटर धरून साध्या लूपला ६०० ते ८०० मिलिलिटर लागतात. धुण्यासाठी वेगळे ५ लिटर डिस्टिल्ड आणा.

हे पाणी वीज वाहत नाही, म्हणून गळती झाली तरी चिंता नाही असे सांगणाऱ्यांवर विसंबू नका. लूपमध्ये फिरताना ते धातूचे अंश उचलते आणि आठवड्याभरात वाहक होते. अॅपलच्या पॉवर मॅक जी५ च्या २००४ पासूनच्या काही मॉडेलांत लिक्विड कूलिंग कारखान्यातूनच आले होते. आज ती मशिने घेणारा आधी खालचा पत्रा गंजला आहे का ते बघतो.

भरण्याची आणि तपासण्याची पद्धत काय?

नवा रेडिएटर आधी धुवा, त्यात सोल्डरिंगचा फ्लक्स असतो. ५० ते ६० अंशांचे गरम पाणी अर्धे भरून मिनिटभर हलवा आणि ओता. स्वच्छ येईपर्यंत चार-पाच वेळा. शेवटचे दोन हात डिस्टिल्डने.

लूप जोडून झाल्यावर मदरबोर्ड, ग्राफिक्स कार्ड आणि डिस्क यांची वीज काढा. फक्त पंप जोडलेला राहू द्या. सप्लाय बोर्डाशिवाय सुरू करायला २४ पिनांच्या कनेक्टरमधली हिरवी वायर शेजारच्या काळ्या वायरला पेपर-क्लिपने जोडा. २० पिनांच्या जुन्या कनेक्टरमध्येही हिरवीच. प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर गुंडाळा. रिझर्व्हॉयर भरा, पंप पाच सेकंद चालवा, बंद करा, पुन्हा भरा. पाण्याची पातळी स्थिर झाली की कॅबिनेट चारी बाजूंना ३० अंशांपर्यंत कलवून बुडबुडे सोडवा. पंप घरघरत असेल तर त्यात अजून हवा आहे.

मग २४ तास सलग चालवा. टिश्यूला ओल लागली तर दिसेलच. हवेचा दाब देणारा टेस्टर असेल तर पाणी घालण्याआधी ०.५ बार देऊन अर्धा तास काटा बघा. तो हलला नाही तर निम्मी काळजी तिथेच मिटते.

ओव्हरक्लॉक किती करावे?

सीपीयूचा वेग म्हणजे गुणक गुणिले एफएसबी (सीपीयू आणि बोर्ड यांच्यातल्या बसचा मूळ वेग). गुणक ९ च्या वर नेता येत नाही, म्हणून एफएसबी वाढवायचा. ९ × ३३३ म्हणजे ३.० गिगाहर्ट्झ, बहुतेक जी० चिपा मूळ व्होल्टेजवरच एवढे देतात. ९ × ४०० म्हणजे ३.६, आणि तेव्हा डीडीआर२-८०० रॅम बरोबर १:१ वर येते. पीसीआय एक्सप्रेस १०० मेगाहर्ट्झवर पक्के करा, नाहीतर डिस्कवरचा डेटा बिघडू शकतो. व्होल्टेज १.४ च्या वर नेण्यात अर्थ नाही. उष्णता वाढते, वेग फारसा नाही. आधी मेमटेस्ट (रॅमची चाचणी) एक पूर्ण फेरी, मग प्राइम९५ (सीपीयूवर पूर्ण भार टाकणारी चाचणी) चार तास.

नागपूरच्या उन्हाळ्यात आणि कोकणच्या पावसात हे कसे टिकेल?

पाणी खोलीच्या हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही, त्यामुळे पावसाळ्यात दव साचण्याची भीती नाही. दमट हवेत गंज धरतो तो कॅबिनेटच्या पत्र्यावर.

उन्हाळा मात्र हिशेबात धरा. खोली ४२ अंशांवर असेल तर पाणी लोडखाली ५२ च्या आसपास जाते, आणि कोअर त्याच्याही वर २५ ते ३५ अंश. डी५ पंपाची मर्यादा ६० अंश आहे. मार्च ते जूनपुरते ३.० वर उतरा. बायोसमध्ये दोन प्रोफाइल साठवता येत असतील तर काम सोपे.

गळती झालीच तर?

बटण नव्हे, भिंतीवरचा प्लग काढा. सेलही काढा. ओला भाग ९९ टक्के आयसोप्रोपिलने धुवा, स्लॉटच्या आत टूथब्रश फिरवा, आणि पंख्यासमोर ४८ तास वाळू द्या. उन्हात ठेवू नका. घाईने 'बघू तरी चालते का' म्हणून बटण दाबणे हेच बोर्ड मारते, पाणी नव्हे.

पंप मध्येच बंद पडला तर सीपीयू जळेल का?

सहसा नाही. कोअर २ तापला की स्वतःच वेग उतरवतो, आणि तरीही तापत राहिला तर वीज तोडतो. पण साचलेले पाणी ब्लॉकजवळ उकळीच्या दिशेने जाते आणि ट्यूब मऊ पडतात. बायोसमध्ये फॅनचा वेग शून्य झाल्यास बंद होण्याची सेटिंग असेल तर चालू ठेवा; पंपाची वायर त्या हेडरला लावली ती यासाठीही.

देखभाल?

वर्षातून एकदा पाणी बदला, दर तीन महिन्यांनी रेडिएटरमधली धूळ ब्रशने काढा. मशीन दुसऱ्या गावी न्यायचे असेल तर लूप पूर्ण रिकामा करा. भरलेला टॉवर एसटीच्या डिकीत आडवा टाकला तर पोहोचल्यावर सगळ्यात आधी २४ तासांची चाचणी पुन्हा घ्यावी लागेल.